भोंडल्याच्या खिरापतीची ऑर्डर घेताय? आधी डबा वाजवून बघा



पितृपक्ष संपत आला की आमच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. दुकान म्हणजे केकचं सामान, डबे, पेपर कप, बटर पेपर, सुट्टा सुका मेवा. एखादी ताई येते, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवते आणि विचारते, "आमच्या सोसायटीत भोंडला आहे. साठेक मुलं आहेत. मला खिरापतीची ऑर्डर मिळालीये. काय करू?" तिला खरं तर दोन प्रश्न असतात. एक म्हणजे काय करू, आणि दुसरा, जो ती जाताना दारातून विचारते, "आणि किती घेऊ?"

व्हिडिओत मी लाडू करून दाखवले आहेत. पण व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. म्हणून हा लेख.

ज्यांना भोंडला माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. घटस्थापनेपासून नवरात्रात मुली पाटावर हत्ती काढतात किंवा मांडतात, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. माझं माहेर सांगलीचं, तिथे आम्ही याला हादगा म्हणायचो. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सोळा दिवस चालायचा. काही घरी पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशा वाढत जायच्या. विदर्भ-खानदेशात भुलाबाई असते, ती कोजागिरीपर्यंत चालते. आता सोसायट्यांमध्ये सोळा दिवस कोणाला वेळ आहे! एक शनिवार धरतात, क्लब हाउस घेतात, मुलगेही येतात. पूर्वी मुलगे फक्त खिरापत खायला टपकायचे, आता फेरही धरतात. मला आवडतं ते.

पण एक गोष्ट बदललेली नाही. झाकलेला डबा मध्ये येतो, कोणीतरी तो हलवून वाजवून दाखवतं, आणि पोरं ओरडायला लागतात. लाडू! वडी! चिवडा! ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही.

मी पहिली ऑर्डर घेतली तेव्हा नेमकं हेच विसरले होते. मला वाटलं, आपल्याला मिठाईची ऑर्डर मिळाली आहे.

75 मुलं होती. मी बीबीए केलेली, दुकान चालवणारी, बाकीच्यांना मार्केटिंग शिकवणारी, त्यामुळे माझ्या डोक्यात एकच, दिसायला भारी पाहिजे. खव्याची दोन रंगांची बर्फी केली. वर चांदीचा वर्ख. रात्री साडेअकराला थापून झाली, फोटो काढले, आणि दमले होते म्हणून कोमट असतानाच हवाबंद डब्यात भरून झाकण लावून टाकलं. ओट्यावर. ऑक्टोबर हीटमध्ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला डबा उघडला. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब जमलेले आणि वास आंबूस. एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. नवरा म्हणाला, "मला तर ठीक लागतेय." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मुलांना द्यायच्या वस्तूत 'ठीक लागतेय' चालत नाही. सगळी बर्फी टाकली. सामानाचेच बाराशेच्या वर रुपये गेले होते, मेहनत वेगळी. भोंडला सहाला होता.

घरात काय होतं? दुकानातून चिक्कीचा गूळ आणला, समोरच्या किराणावाल्याकडून चुरमुरे. (सांगलीत चिरमुरे, मुंबईत कुरमुरे. भांडू नका.) जाऊबाईंना फोन केला, "ताई, हात लावायला या." शंभर शंभर ग्रॅमचे पाच घाणे काढले. मी पाक बघत होते, त्या वळत होत्या. पावणेदोन तासांत 75 ला वर दोन लाडू झाले. हात भाजले होते, पण झाले. शरमेनं डबा घेऊन गेले. म्हटलं, आता त्या कमिटीच्या काकू म्हणणार, बर्फी ठरली होती ना?

डबा वाजवला. आवाजच नाही! प्रत्येक लाडू पेपर कपात होता आणि डबा ठासून भरलेला. पोरं पेढ्यापासून सुरू झाली. पेढा, बर्फी, गुलाबजाम, केक, मोमो. हो, मोमो. एका आजींनी क्लू दिला, "भेळेतही असतं." तरी दोन मिनिटं लागली. शेवटी एका छोटीनं ओळखलं तेव्हा जो काय आरडाओरडा झाला! काकूंनी बर्फीचं नावसुद्धा काढलं नाही.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण खरी गोष्ट त्याच्यानंतरची आहे.

लाडू वाटत असताना एक ताई माझ्याजवळ आल्या. "यात शेंगदाणे नाहीत ना? आमच्या ह्याला ॲलर्जी आहे." मी हसून म्हटलं, "नाही हो, नुसते चुरमुरे आणि गूळ." त्या वळल्या. आणि मला आठवलं, सकाळी मी त्याच कढईत घरच्या उपवासासाठी दाणे भाजले होते. नंतर कढई घासली नव्हती, कोरड्या फडक्यानं पुसली होती. गडबडीत.

मी धावत गेले. मुलगा सात-आठ वर्षांचा, लाडू हातात, कागद सोडत होता. मी त्याच्या आईला सगळं सांगितलं. त्यांनी लाडू काढून घेतला. मुलाचं तोंड एवढंसं झालं. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. ज्यांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते त्यांना अगदी थोडा अंशही त्रास देऊ शकतो, श्वासापर्यंत जाऊ शकतं, हे मला माहीत होतं. माहीत असून मी 'नाही हो' म्हणून मोकळी झाले होते.

पुढच्या वर्षी त्या सोसायटीची ऑर्डर परत आली. त्या ताईंनी मुलाचा खाऊ घरून आणला होता. बरोबरच आहे त्यांचं.

तर मुद्दा हा की खिरापत ही गुपित ठेवायची वस्तू आहे. पण गुपित मुलांपासून. आयांपासून नाही. तेव्हापासून मी ऑर्डर घेतानाच कमिटीला सांगते, आदल्या दिवशी फक्त पालकांच्या ग्रुपवर घटकांची पूर्ण यादी येईल, मुलांना फोन दाखवायचा नाही. यादीत लिहिते काय काय घातलंय, आणि एक ओळ जास्त, 'याच स्वयंपाकघरात शेंगदाणे, काजू, दूध, गहू, तीळ वापरले जातात.' ही ओळ लिहिली की ऑर्डर जाईल असं काही जणींना वाटतं. माझी एकही गेली नाही. उलट एका आईचा मेसेज आला, "असं कोणी सांगतच नाही."

आता काय करायचं ते.

माझा नियम झालाय, खिरापतीला खवा नाही, पनीर नाही, सायीचं काही नाही. एक दिवस आधी करून ठेवता येईल, फ्रिजशिवाय टिकेल, मुलांच्या एका हातात मावेल आणि फेर धरून दमलेल्या पोराला दोन घासांत संपवता येईल, असंच काहीतरी. घरगुती, सोपं. मुलांना मिठाईच्या दुकानासारखं नको असतं, ओळखायला मजा येईल असं हवं असतं.

पहिला नंबर शेंगदाणा-गुळाच्या लाडवाचा. 500 ग्रॅम दाणे मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं भाजायचे. घाई केली तर बाहेरून काळे, आतून कच्चे. पूर्ण गार होऊ द्यायचे, सालं चोळून पाखडायची. मग मिक्सरला फिरवताना बंद-चालू, बंद-चालू करत. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. 250 ग्रॅम किसलेला गूळ, वेलची, एक मोठा चमचा तूप घालून परत एकदा फिरवायचं आणि वळायचं. पाक नाही, काही नाही. 20 ग्रॅमचे 36 लाडू होतात. वजनकाट्यावर करा, डोळ्याच्या अंदाजानं नको. एका मुलाला मोठा आणि दुसऱ्याला छोटा गेला की भांडण भोंडल्यात होतं आणि नाव तुमचं जातं. याचा अजून एक फायदा, नवरात्रात आयांचे उपवास असतात, त्यांनाही हा चालतो. चुरमुऱ्याचा चालत नाही. कमिटीशी बोलताना हे सांगा, दहा-पंधरा लाडू जास्तीचे जातात.

ॲलर्जीवालं मूल असेल तर मात्र हा लाडू त्या भोंडल्याला करायचाच नाही. 'त्याला वेगळं देऊ' हा पर्याय मी पहिल्यांदा सुचवत नाही, कारण सगळ्यांनी एक खायचं आणि एकानं वेगळं, यात मूल हिरमुसतं. मग चुरमुरे. शंभर ग्रॅम चुरमुरे कोरडेच कुरकुरीत भाजून घ्या. 150 ते 175 ग्रॅम चिक्कीचा गूळ, चमचाभर तूप, चमचाभर पाणी, मंद आच. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून काढला आणि ताटलीवर आपटला की टण् वाजला पाहिजे. नुसता मऊ गोळा झाला तर थांबा, नाहीतर लाडू संध्याकाळपर्यंत चिवट होतात. गॅस बंद, चुरमुरे घाला, हलवा आणि पाण्याचा हात लावून लगेच वळा. एकटीनं दोनशे ग्रॅम घेऊ नका, खालचं थंड होऊन कढईला धरतं. आणि कढई वेगळी ठेवा. मी आता एका कढईच्या कडीला लाल दोरा बांधलाय, तिच्यात दाणे कधीच जात नाहीत. मिक्सरचं भांडंही वेगळं. तरीसुद्धा यादीतली ती ओळ मी काढलेली नाही, कारण स्वयंपाकघर एकच आहे.

तिसरं, खोबऱ्याचे गोळे. 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि साधारण 250 ग्रॅम डेसिकेटेड कोकोनट, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, कडेनं सुटायला लागलं की उतरवायचं. गार करून वळायचं, वरून कोरड्या खोबऱ्यात घोळवायचं. तीसेक होतात. यात दूध आहे, म्हणून आदल्या रात्री केले तर पूर्ण गार करून फ्रिजमध्ये. झाकण गरम असताना लावायचं नाही! (बाराशे रुपयांचा धडा तुम्हाला फुकट देतेय.)

चिक्की सगळे सुचवतात. वाजते छान, डबा हलवला की खडखडते आणि पोरं लगेच ओळखतात, तिथे मजा संपते. शिवाय भोंडल्याला अडीच-तीन वर्षांची धाकटी भावंडंही येतात. अख्खे दाणे आणि कडक चिक्की एवढ्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. मी देत नाही. दाण्याचा लाडूही लहानांसाठी करताना कूट बारीक ठेवते.

आवाजाचं मात्र शिका, हा सगळा धंदा आवाजाचा आहे. पेपर कपात घालून ठासून भरलं की डबा मुका होतो. मोकळे ठेवले की गडगडतात, पोरं लाडू म्हणतात, आणि मग 'कशाचा लाडू?' यावर दहा मिनिटं जातात. मी फसवाफसवीही करते. मोठ्या डब्याबरोबर एक छोटा डबा देते, त्यात नुसते मूठभर साबुदाणे. तो आधी वाजवायचा. खोबऱ्याचे गोळे असतात आणि पोरं साबुदाणा चिवडा म्हणून ओरडत बसतात. डब्याबरोबर कमिटीला चिठ्ठी जाते, त्यात तीन क्लू, अवघड ते सोपा. या चिठ्ठीला मला काहीही खर्च येत नाही. पण पुढच्या वर्षी फोन येतो तो त्या चिठ्ठीमुळे.

आता दारातला प्रश्न. किती घेऊ?

मागच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. त्यांनी दाण्याचा लाडू पाच रुपयाला दिला. "सामान तीन रुपयाचं, दोन रुपये सुटले," म्हणाल्या. मी वही काढायला लावली. भाव तुमच्या गावचे घाला, आमचे असे धरले: दाणे अर्धा किलो 70 रुपये, गूळ पाव किलो 20, तूप 7, वेलची 5. झाले 102. 36 लाडवांनी भागलं तर पावणेतीनच्या जरा वर. इथपर्यंत ताई बरोबर होत्या. मग गॅस आणि मिक्सरची वीज 10. पेपर कप आणि डबा 40. झाले 152. आणि भाजणं, गार करणं, सालं काढणं, वळणं, भांडी घासणं यात हाताला लागलेला वेळ सव्वा तास. तासाला 80 रुपये धरले तर 100. एकूण 252. म्हणजे लाडू सात रुपयाला पडला.

त्यांनी पाचप्रमाणे 180 रुपये घेतले होते. 152 गेले. सव्वा तास उभं राहून हातात 28 रुपये. त्यांना हे कळलं तेव्हा त्या हसल्या, मग गप्प झाल्या. म्हणाल्या, "म्हणूनच दरवर्षी ऑर्डर वाढते आणि पैसे दिसत नाहीत."

मी 12 ला देते. कुठे 11 ला. सात पडतर, वरचे पाच म्हणजे बिघडलेला घाणा, डिलिव्हरीचं पेट्रोल, क्लूची डोकेफोड आणि नफा. किलोनं कधीच सांगू नका. 36 लाडू साधारण 720 ग्रॅम भरतात, 12 नं 432 रुपये, म्हणजे किलोला 600. "अहो, सहाशेत तर काजूचं काहीतरी येईल!" हे ऐकून घ्यावं लागेल. नगावर सांगितलं की समोरचा मुलं मोजतो, 60 मुलं, 720 रुपये, ठीक आहे. नंतर घासाघीस झालीच तर दर कमी करू नका, आकार कमी करा. 15 ग्रॅमचा लाडू लहान मुलाला पुरतो, आणि तो अर्धा टाकत नाही. मात्र आकार बदलला की ते समोर सांगायचं, गुपचूप नाही.

मोजणीबद्दल. 60 सांगितले की 70 येतात, कारण धाकटी भावंडं मोजलेली नसतात आणि वॉचमनकाकांना कोणीच धरत नाही. मी ऑर्डर घेतानाच 'साठ अधिक दहा' लिहून घेते आणि दहाचेही पैसे लावते. निम्मे ॲडव्हान्स. शनिवार-रविवारी सगळ्या सोसायट्या एकदमच भोंडला धरतात, म्हणून एका संध्याकाळी दोनच ऑर्डरी, आणि दोन्हीकडे एकच पदार्थ. दोन वेगळे पदार्थ म्हणजे दोनदा भांडी.

आणि हो, एफएसएसएआयची नोंदणी. 'मी तर घरून करते' हे कारण चालत नाही, घरून खाऊ विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. फॉसकॉसच्या साइटवर ऑनलाइन होते, 14 अंकी नंबर मिळतो. डब्यावर तो नंबर, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं आणि हिरवं चिन्ह टाका. लेबलवर पदार्थाचं नाव तर येणारच, मग गुपिताचं काय? मी लेबल डब्याच्या बुडाला लावते आणि डबा कापडी पिशवीतून पाठवते. एका वर्षी एका हुशार कार्टीनं डबा वाजवायच्या निमित्तानं उलटा केला आणि वाचून टाकलं. तेव्हापासून पिशवीला गाठ.

यंदाचं माझं ठरलंय. तीनपैकी एकही नाही, चौथंच काहीतरी आहे, दोनदा करून बघितलंय, वाजवूनही बघितलंय. काय ते इथे लिहीत नाही, आमच्या सोसायटीतली पोरं हे वाचतात. आयांनी मेसेज करा, यादी पाठवते.